बाकालोरियावरची दुसरी स्वारी

अल्लाच्या मेहेरबानीने वझ्झान शहरी जे वर्तमान जाहले ते पदरचे तिखटमीठ बेताने घालोन लिहितो. वाचणाराने सावध चित्ते वाचावे, हसू आल्यास हसावे, परंतु खाशांस उणे बोलू नये.

कढईबहाद्दर सी बूसलहम, उमर चौपन्न, पहाटे सैल पिठाची कडी तेलात सोडोन, ताडाच्या पातीत ओवून विकणार, शहरी मोठे नामांकित. परंतु चित्तास शल्य एक. सोळावे वर्षी वडील निवर्तले, शाळा सुटली आणि कढई हाती आली, आणि मग जो तो ‘शिकला असता तर’ म्हणे, तो शब्द अडतीस वर्षे काळजात रुतोन राहिला. सबब शाळेची शेवटली जी बाकालोरिया परीक्षा, ती सर केल्याविना डोळे मिटणे नाही, ऐसा मनसुबा करोन बाहेरून बसणारांत नाव दाखल केले.

खाशांचा बाणा मात्र कठीण. सरकार मुलखाची घड्याळे रमजानात तासभर मागे घेते आणि ईदेनंतर फिरोन पुढे ढकलते, हे खाशांस नामंजूर. घरचे घड्याळ बारमाही जुन्या वेळेवर, खिशातला फोनही हाताने मागे ओढलेला. चहावाले लारबी यांचे दुकानी भर सभेत सवाल टाकिला, “सूर्य काय सरकारी नोकरीत आहे का रे?”

मग जून मासी पहिली स्वारी. इतिहासाचा पेपर आठास. खासे न्याहारी करोन, दाढी करोन, पावणेआठास डौलात दरवाजी पोचले. ते सरकारचे पावणेनऊ होते. दरवाजा बंद. पुढील पेपर लिहिले, परंतु एका भोपळ्याने सारी फौज बुडविली. लारबी रोज विचारू लागला, “सी बूसलहम, किती वाजले? तुमचे सांगा, आमचे आम्हाला माहीत आहेत!” खाशांनी पुस्तके पिठाच्या पिंपात टाकिली आणि चाळीस दिवस कोणाशी बोलले नाहीत. ते दुःख खरे होते, त्यात थट्टा नाही.

ते समयी बेगम लाला यामना यांनी पिंपात हात घालोन पुस्तके काढिली, झटकिली आणि हुकूम सोडिला, “अहो, नापास घड्याळ झालंय, तुम्ही नाही. उठा, तेल तापलंय.” आणि मग वर्षभर खाशांनी कडी तळता तळता सनावळ्या म्हणाव्या आणि यामनाबाईंनी ऐकाव्या. बाईंस अक्षर येत नसे. परंतु ऐकोन ऐकोन ऐसा कान तयार जाहला की, सन चुकताच झारा कढईवर आपटीत.

दुसरे स्वारीचे आदले सायंकाळी खाशांनी बाई पाणी भरीत आहेत ऐसे पाहोन स्टुलावर चढोन घड्याळ गुपचूप तासभर पुढे केले. शरण गेल्याचे कोणास कळू नये, इतकीच मसलत. परंतु बाईंनी तेच काम दुपारीच उरकिले होते. सबब खासे साडेसातास दाखल जाहले, तो सरकारचे साडेसहा. पहारेकरी म्हणाला, “हाजी, मागल्या वर्षीचा उशीर भरून काढायला आलात काय?” खासे पायरीवर बसोन दीड तास पुस्तक चाळीत राहिले. मागून डबा घेऊन बाई आल्या. खासे म्हणाले, “तू पण?” बाई म्हणाल्या, “मग काय, तुमच्या भरवशावर राहू?” दोघे इतके हसले की पहारेकऱ्याने दटाविले.

निकालाचे दिवशी विसात दहा आणि वर अकरा शतांश ऐसे गुण पडिले. दहा हवे होते. यामनाबाईंनी जिभेचा ऐसा लांब हर्षनाद काढिला की चार गल्ल्यांत खिडक्या उघडल्या. खासे रडले आणि लपविले नाही. दिवसभर कडी फुकट वाटिली.

गर्दी हटल्यावर लारबी, उमर एकावन्न, हात पुसत जवळ आला आणि हळू आवाजात बोलिला, “सी बूसलहम, तो फॉर्म कुठं मिळतो हो?” खाशांनी कढई उतरविली, पिठाचे हात धुतले आणि त्यांस बरोबर घेऊन कचेरीची वाट धरिली. येणेप्रमाणे बाकालोरिया सर जाहली, नोंद असावी.