कंपाउंडरचा हयातीचा दाखला

तालुक्यातले धंद्यांचे शब्द दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घ्यायला कचेरीत येतात, तसा यंदा ‘कंपाउंडर’ही आला. पांढरा कोट, अंगाला औषधांचा वास. हात धरायला तारळेकर होते. त्यांनी चाळीस वर्षं दवाखान्यात हाच शब्द सांभाळला होता.

कारकून सुलभा केंजळेने अर्ज पुढे ओढला. “मूळ घर?”

“लॅटिन. पुढे फ्रेंचांकडे, मग इंग्रजांकडे राहिलो. अर्थ, एकत्र ठेवणारा,” शब्द म्हणाला. “गेल्या साली गेलेला कंपोझिटर माझा सख्खा भाऊ. तो अक्षरं एकत्र ठेवायचा, मी औषधं.”

कंपोझिटरचा दाखला सुलभानेच नाकारला होता. दुसऱ्या दिवशी छापखान्यातल्या म्हाताऱ्या पालेकरांच्या बोटांतली सगळी विद्या गेली. आता त्यांना स्वतःचं नावसुद्धा जुळवता येत नाही.

“वर्षभरात या शब्दाने कुणी हाक मारली?”

तारळेकर ओशाळले. “डॉक्टर वारले, तेव्हापासून लोक मानाने मलाच डॉक्टर म्हणतात. मलाही बरं वाटायचं, बाई. कुणाला अडवलं नाही. माझंच चुकलं.”

“मग नियमाप्रमाणे...” ती थांबली. शब्दाच्या तळहातातून टेबलावरची फाइल दिसू लागली होती.

सुलभा उठली. स्वतःची पाण्याची बाटली विसळून, भरून तिने समोर ठेवली.

“कंपाउंडर, खोकला जात नाही. मिक्श्चर द्या.”

शब्दाने बाटलीवर हात ठेवला. पाणी गुलाबी झालं. सुलभा तिसरीत असताना आई नाक दाबून पाजायची, अगदी तेच गुलाबी. शिपाई आपणहून उठून उभा राहिला. तारळेकरांनी कागदाची घडी घातली, कात्रीने कोपरे उडवले आणि सहा डोसांच्या खुणांची पट्टी बाटलीवर चिकटवली.

सुलभाने ‘हयात’ लिहिलं. मुदतीच्या रकान्यात एका वर्षाऐवजी डोस मोजून सहा वर्षं भरली.

“हलवून घ्या,” शब्द म्हणाला, “आणि पुढच्या खेपेला बाटली घरून धुऊन आणा.”

संध्याकाळी घरी जाताना ती बंद छापखान्यापाशी थांबली. पायरीवर पालेकर रिकामे हात मांडीवर ठेवून बसले होते.

“कंपोझिटर,” तिने त्यांना हाक मारली.

पालेकरांची बोटं हलली. दाराआडून छपाईच्या शाईचा वास आला आणि कुणीतरी विचारलं, “अर्ज आणलात?”

सुलभाने पर्स उघडून हयातीच्या दाखल्याचा कोरा अर्ज काढला.