टू की इंग?

आमच्या शेजारच्या आपटे मास्तरांनी आंघोळ अर्धवट सोडून माझं इंग्रजी सुधारलंय. मी अंगणात उभी राहून फोनवर बहिणीला ऐटीत म्हणाले, "आय एन्जॉय टू कुक." लगेच त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीतून गर्जना आली, "कुकिंग! एन्जॉयनंतर इंग!"

झाशीतल्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, म्हणून त्यांच्या तडाख्यात मीच जास्त सापडते. बाकीची गल्ली त्यांना 'इंगवाले मास्टरजी' म्हणते. मास्तर निवृत्त झाले, शाळा सुटली, इंग्रजी काही सुटलं नाही. "चालतं हो एवढं," म्हटलं की छाती काढून म्हणणार, "व्याकरण कुणाच्या बापाला घाबरत नाही!"

मी आणि समोरची गुड्डी भाभी फाटकाशी गप्पांना लागलो की मास्तर हजर. "यू स्टॉप टू टॉक, म्हणजे बोलण्यासाठी थांबता. आता स्टॉप टॉकिंग, म्हणजे बोलणं बंद करा!" भाभी कसली ऐकतेय? "मास्टरजी, हम तो दोनों में बतियाएँगे!"

बायको लवकर गेली. लेकीला, मीनूला, त्यांनीच वाढवलं, वेणी घालता घालता क्रियापदं घोकून घेतली. गेल्या आठवड्यात मीनूनं लग्न ठरवलेला मुलगा घरी आणला. जवळच्याच मऊरानीपूरचा, अगदी सालस. सासऱ्यांवर छाप पाडायला बिचारा वाक्य पाठ करून आलेला. मी पोहे घेऊन गेले होते, तोच तो उभा राहिला. "सर, आय वॉन्ट मॅरिंग युअर डॉटर."

"टू मॅरी!" मास्तर कडाडले. "वॉन्टनंतर टू! परत म्हणा."

तो परत म्हणाला, परत चुकला. हे पुन्हा कडाडले. पोरगा घामाघूम! मीनू ताडकन उठली, त्याला घेऊन निघाली आणि फाटकातून ओरडली, "बाबा, फ्रॉम टुडे आय स्टॉप टू टॉक टू यू!"

आता 'टॉकिंग!' ऐकू येणार म्हणून मी कानच झाकले. मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते फाटकाशी दोन खुर्च्या मांडून बसतात. काल मला राहवलं नाही.

"मास्तर, मुलगा आवडला नाही का?"

"न आवडायला काय झालं? हिरा आहे. नुसता टू राहिला होता."

"मग फोन करून तसं सांगा की तिला! तुमच्याशी बोलणार नाही म्हणाली पोर."

"असं कुठे म्हणाली?" मास्तर उसळले. "ते टॉकिंग झालं असतं! ती टू टॉक म्हणाली. बोलण्यासाठी थांबते, असा अर्थ होतो त्याचा. मी शिकवलंय तिला, चुकेल कशी?"

आवाज चढा होता, पण डोळे रस्त्यावरच होते. मी रिकामी खुर्ची ओढली.

"तिथे नको," ते घाईनं म्हणाले. "बोलायला थांबलीय ना ती. आली तर बसायला नको?"

"टूच बरोबर आहे, मास्तर," मी म्हटलं आणि उभीच राहिले.