नळवाल्याची दोन मिनिटं

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही ओट्याखाली उकिडवे बसला आहात. फुटलेल्या पाइपाच्या तोंडावर तुमचा अंगठा दाबलेला आहे. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली आहे आणि अंगठा काढायची सोय नाही. आलं डोळ्यांसमोर? आता तुमच्या जागी इंग्रजी शिकवणाऱ्या एका मास्तरांना बसवा.

टेबलाचा पाय महिनाभर डुगडुगत होता, म्हणून मास्तर ओट्यापाशी उभं राहूनच उत्तरपत्रिका तपासत होते. चाळीस होत्या आणि बाराच्या ठोक्याला शाळेत द्यायच्या होत्या. मुख्याध्यापिका बाईंनी बजावलं होतं, "या वेळी उशीर झाला, तर तुमचा वर्ग दुसऱ्याला देईन."

पहिलाच प्रश्न होता : 'मिनिट' या शब्दाचा मराठीत अर्थ लिहा व वाक्यात उपयोग करा. साठ सेकंद, एवढं सोपं उत्तर. पण एका पोराने लिहिलं होतं, 'मोठ्या माणसांना "आत्ता नाही" म्हणायचं नसतं, तेव्हा ती "दोन मिनिटं" म्हणतात.' मास्तरांनी संतापून भलंमोठं लाल शून्य काढलं. तेवढ्यात ओट्याखाली फट्‌दिशी पाइप फुटला आणि मास्तरांनी खाली बसून त्याच्या तोंडावर अंगठा दाबला.

दुसरीतल्या लेकीने, म्हणजे भिंगरीने, गठ्ठा उचलून खुर्चीवर ठेवला आणि फोन बाबांच्या कानाला लावला.

"दोन मिनिटांत पोचतो, मास्तर," नळवाला म्हणाला.

"नक्की?"

"घड्याळ लावा की!"

मास्तरांनी खरंच घड्याळ लावलं. "भिंगरे, एक मिनिट म्हणजे किती?"

"साठ सेकंद."

"शाब्बास. मोज."

पाणी बाहेरून कुठून बंद होतं, हे विचारायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण दोन मिनिटांसाठी कशाला, म्हणून राहून गेलं.

"अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ! झालं एक!" भिंगरी ओरडली. दुसरं झालं, पाचवं झालं. अकराव्या मिनिटाला तिचा आवाज बसला. सतराव्याला मास्तरांनी पुन्हा फोन लावायला सांगितला.

"अहो, आहात कुठे?"

"दारातच आहे समजा. दोन मिनिटं!" मागे ठोकाठोकी चालली होती आणि एक बाई कातावून म्हणत होत्या, "अहो, आमची फरशी कधी बसवणार?"

इतक्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "मास्तर, आमच्या पलंगावर धार लागलीय!"

"काकू, दोनच मिनिटं."

"दोन मिनिटांत गादी पोहायला लागेल माझी!" म्हणत काकू बादली शोधायला खाली पळाल्या.

तिसाव्या मिनिटाला अंगठा बधिर झाला. मास्तर हात बदलायला गेले आणि धार सुटली ती थेट खुर्चीवर. चाळीस उत्तरपत्रिका न्हाऊन निघाल्या. मार्कांचा लाल ओघळ जमिनीवर आला. मास्तरांनी दुसरा अंगठा पाइपावर दाबला; नोकरीची पंधरा वर्षं त्या ओघळातून वाहत चालली होती.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला नळवाला आला. आत न येताच त्याने जिन्यातला एक कॉक फिरवला. पाणी थांबलं.

"एवढंच करायचं होतं की, मास्तर!"

"पण तुम्ही दोन मिनिटं म्हणाला होतात!"

"मग? सगळेच म्हणतात." मग आत येऊन त्याने वाकून पाइप पाहिला. "हा जोड सकाळपासून ठिबकत असणार. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"माझ्या आलं होतं," भिंगरी म्हणाली. "मी तीनदा सांगायला आले."

"मग सांगितलं का नाहीस?" मास्तर कळवळले.

"तुम्ही मान वर न करताच म्हणालात, दोन मिनिटं. मग मी थांबले. फुटेपर्यंत एकशे अठरा झाली होती, बाबा. मी मोजली होती."

घड्याळात पावणेबारा झाले होते. मास्तर ओल्या फरशीवर बसले आणि त्यांनी डोकं धरलं.

भिंगरीने कपड्यांचे चिमटे आणले. एकेक पान हलकेच सोडवून ती दोरीवर लावू लागली. लाल शून्याचं पान हाती आलं तेव्हा मात्र ती उत्तर वाचत थांबली. शून्य अर्धं विरघळलं होतं. तिने ते पान बाबांच्या सुरकुतलेल्या हातात दिलं, लाल पेनाचं टोपण काढून पेन दुसऱ्या हातात दिलं, समोर मांडी घातली आणि मोजायला सुरुवात केली, "एक... दोन... तीन..."