मधुभाऊंची सात वाजताची हजेरी

मधुभाऊ वाळुंज रोज सकाळी सात वाजता आपल्या कॉम्प्युटरची हजेरी घेतात. म्हणजे त्याच्या पोटात आत्ता कोण कोण बसलंय, याची. एलएसमॉड नावाची एक आज्ञा टाइप केली, की पडद्यावर नावांची लांबलचक यादी येते. मधुभाऊ खुर्चीत ताठ बसून ती मोठ्यानं वाचतात. "आवाजवाला, आला. वायफायवाला, आला. क्यामेरावाला, आला. ब्लूटूथवाला... तुला कोनी बोलावलं रं?"

आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत आहे. बिल्डरनं ती बहुधा उरलेल्या सिमेंटात उरकली असावी, कारण ही हजेरी मला अंथरुणात शब्दन्‌शब्द ऐकू येते.

मधुभाऊ मूळचे इंदुरीचे. तळेगावच्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात मेंटेनन्समध्ये गेली. जिचं झाकण उघडता येत नाही, त्या मशीनवर त्यांचा विश्वास नाही. निवृत्तीनंतर त्यांना कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स सापडलं, आणि त्याचं झाकण उघडंच असतं हे कळल्यावर त्यांनी दुसरं काही उघडलंच नाही; दार वाजवलं तरी. त्यांच्याकडून मला कळलं ते एवढंच: कर्नल म्हणजे घरचा कर्ता, आणि मॉड्यूल म्हणजे त्यानं कामापुरती बोलावलेली माणसं. कुणी कीबोर्ड सांभाळतो, कुणी आवाज. यादीत प्रत्येकाचं नाव, आकार, आणि त्याला सध्या किती जण वापरतायत तो आकडा. मधुभाऊंचा सगळा जीव या तिसऱ्या रकान्यात. तिथं शून्य दिसलं, की ते त्या मॉड्यूलकडे शनिवारी न कळवता लोणावळ्यात येऊन थडकलेल्या पाहुण्यासारखे बघतात.

ही नजर कॉम्प्युटरपुरती राहिली असती तर बरं होतं. वराळ्याला एका लग्नात मंचावर एक पुढारी दोन खुर्च्या व्यापून बसले होते. मधुभाऊ माझ्या कानात म्हणाले, "साइज बघा, आन् वापरनारे शून्य." कानात म्हणजे त्यांच्या मते. मागच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या, आणि त्यांना नेमका माझा चेहरा दिसला.

माझं चिक्कीचं दुकान आहे. बिलाच्या कॉम्प्युटरवर मधुभाऊंनीच लिनक्स घालून दिलं. एकदा तपासणीला आले, यादी काढली आणि गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "जॉयस्टिकवाला हितं काय करतोय? तुमी चिक्की इकता का गाड्या पळवता?"

मी म्हणालो, "चुकून आला असेल."

"चुकून कोन येत न्हाई. दांडी जोडली की येतो त्यो."

बायको गल्ल्यावर होती. दुपारी दोन ते चार मी 'स्टॉक बघत' असतो, हा तिचा समज त्या दिवशी संपला. तेव्हापासून दुपारी मी खरोखर स्टॉक बघतो.

त्यांचा सगळ्यात कडक नियम परक्यांबद्दल. कर्नलबरोबर न आलेला, बाहेर बनवलेला मॉड्यूल आत घातला, की कर्नल आपल्याच दप्तरात नोंद करतं, मी बाटलो. मधुभाऊ हे अशा स्वरात सांगतात, की ऐकणाऱ्यानं घरी जाऊन आंघोळ करावी. "भाईरचा घ्यायचा न्हाई. कदीच न्हाई."

गेल्या चैत्रात ते गावच्या जत्रेला दोन दिवस इंदुरीला गेले. किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाले, "सातला हजेरी घ्या आन् वहीत उतरवा. हात कशालाच लावू नका." वहीच्या पहिल्या पानावर पासवर्ड लिहिला होता. सुरक्षिततेवर तासभर बोलणाऱ्या माणसाचा पासवर्ड, आणि तोही ठळक अक्षरात.

पहिल्या दिवशी मी सातला हजर. यादीत एक नाव दिसलं, 'सकाळ'. आकार किरकोळ, वापरणारे शून्य. मी त्याची माहिती काढली: लिहिणाऱ्याचं नाव नाही, वर्णन नाही, आणि मूळ गाव कर्नलच्या कोठारात नसून एका वेगळ्याच फोल्डरात. बाहेरचा. मधुभाऊंच्या पवित्र घरात घुसखोर. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतकी वर्षं या माणसानं मला चार लोकांत उघडं पाडलं. आता त्यांच्याकडचा चोर मी पकडणार होतो.

काढायची आज्ञा दिली, तर जाईना. म्हणे, मी कामात आहे. वापरणारं कुणी नाही आणि म्हणे कामात. अशी उत्तरं मी फक्त सरकारी खिडकीवर ऐकली होती. आता तर व्हायरसच, याबद्दल शंका उरली नाही. मी त्याची फाइल पुसली, ज्या फोल्डरात तो तयार झाला होता ते फोल्डर पुसलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. यादीतून 'सकाळ' गायब. वहीत मी लाल शाईनं लिहिलं: 'एक परका हाकलला.' खाली सही केली.

मधुभाऊ तिसऱ्या दिवशी साडेअकराला आले आणि पिशवी हातात तशीच धरून हजेरीला बसले. मी शाबासकीसाठी मागे उभा. ते वाचत वाचत थांबले. यादी खालून वर पुन्हा वाचली.

"सकाळ कुटं हाय?"

"हाकलली. बाहेरची होती, शून्य वापर, आणि वरून जायला नकार."

"फोल्डर?"

"तेही उडवलं. मुळापासून."

शाबासकी येईना, तेव्हा हात लावल्याबद्दल मी ओरड्याची वाट बघू लागलो. मधुभाऊंनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि चष्मा काढून हातात धरला.

"म्या लिव्हल्याला त्यो," ते म्हणाले. "लय काय करत न्हाई. मशीन चालू झालं की लॉगमधी एक ओळ छापतो, बास. पन ती ओळ हिनं टाइप केल्याली."

वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. मशीनचा त्यांना राग होता हे मला भिंतीमुळे माहीत होतं. हजेरी चालू असताना त्या स्वयंपाकघरातून हाका मारायच्या आणि मधुभाऊंना ऐकू जायच्या नाहीत. "शेवटी म्या म्हनलं, तुला काय सांगायचं ते हितंच लिही, मशीन मला रोज सांगंल. एका बोटानं लिहीत बसली. अर्धा तास. नंतर आजारीच पडली."

अशा वेळी गप्प राहावं, एवढी अक्कल मला असती तर हा लेखच झाला नसता. मी म्हणालो, "काय ओळ होती सांगा, मी टाइप करून देतो. पाचसहा शब्द तर असतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी कुठल्याही शून्याच्या वाट्याला आलेली पाहिली नव्हती.

मग ते कीबोर्डकडे वळले. कॉम्प्युटर रोजच्या घडामोडी आपल्या दप्तरात, म्हणजे त्या लॉगमध्ये, टिपून ठेवतो, त्यात त्यांनी शोध घेतला. क्षणभर काही आलं नाही. मग एक ओळ आली, तिच्याखाली तीच, तिच्याखाली तीच; पडदा भरला आणि वर सरकत राहिला. एकेका सकाळची एकेक. इंग्रजी अक्षरांत मराठी: 'chaha thevlay, uthta ka ata.'

मॉड्यूलचा बाकीचा मजकूर मधुभाऊंनी घडाघडा पुन्हा लिहिला, तोंडपाठ होता. ओळीच्या जागी मात्र थांबले. दप्तरातली ओळ माउसनं निवडली, उचलली आणि तिथं आणून ठेवली. एकही अक्षर स्वतः दाबलं नाही.

मी मागून वाचत होतो. त्यांच्याच शिकवणीनं एवढं कळत होतं, की आत यायची तजवीज आहे, बाहेर जायची नाही.

"मधुभाऊ, काढायचा भाग राहिला. अशानं ती काढता यायची नाही."

"राहिला न्हाई. लिव्हलाच न्हाई."

त्यांनी मॉड्यूल तयार केला, आत घातला. पडद्याच्या तळाशी ओळ उमटली. मधुभाऊंनी ती वाचली, लगेच उठले, आत गेले, आणि मला गॅस पेटल्याचा, मग भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. बारा वाजत आले होते; माझं दुकान उघडायचं राहिलं होतं.

"तुमी घेनार का?" त्यांनी आतून विचारलं.

सकाळपासून माझे तीन झाले होते. मी म्हणालो, "घेतो की."