माणिकराव सरांची पट्टी

जिंतूरला आमच्या शेजारी विज्ञानाचे माणिकराव सर राहायचे. त्यांच्या घरात केरसुणी कमरेच्या वर जात नसे. खालचं घर काकूंचं, वरचं कोळ्यांचं. पाहुण्याच्या डोक्याला जाळं लागलं, तर सर आधी जाळं तुटलं का ते बघत, मग "या, बसा" म्हणत.

सरांना बारीक धाग्याचं वेड. कुठलंही कापड चिमटीत धरायचे आणि निकाल द्यायचे, "जाड हाय." एका लग्नात नवरीच्या शालूलाही त्यांनी हाच निकाल दिला, तेव्हा वरपक्षाचे घास हातातच राहिले. मी एकदा विचारलं, "सर, केसाहून बारीक काय असणार?"

त्यांना माझी कीव आली. "केस? अरे, केस म्हंजे दोरखंड!"

त्यांचं म्हणणं असं, की भाजल्यावर लावलेली पट्टी चिकटते ती धागा जाड म्हणून. जाळ्याहून बारीक धाग्याची पट्टी केली, तर नवी कातडी त्या धाग्यांवरच वाढेल. पट्टी सोलून काढायचं कामच न्हाई.

चारठाण्याच्या एका मिठाईवाल्याकडून त्यांनी म्हातारीचे केस काढायचं जुनं यंत्र आणलं. साखरेत डिंक मिसळून फिरवलं. धागे आले खरे, पण ते काकूंच्या अंबाड्याला आणि सरांच्या मिशांना चिकटले. उरलेले सरांनी पोटरीला मुद्दाम चटका देऊन त्यावर बांधले. दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर लिहीत असताना धोतरात मुंग्यांची रांग शिरली. वर्ग हसून लोळला. जखम मात्र चिघळली.

मी बघायला गेलो. हसू दाबत म्हणालो, "कशाला हा उद्योग, सर?"

त्यांनी धोतर पोटरीवर ओढून घेतलं. मग म्हणाले, "सुमन लहान असताना तिच्या हातावर उकळतं तेल सांडलं. दवाखान्यात पट्टी काढायचे, तर सालपट निघावं तशी कातडी निघायची. पोरगी 'अण्णा, अण्णा' करायची. अन् अण्णा कुठं? समोरच्या चहाच्या टपरीवर. मला बघवत न्हवतं. एकदाबी आत गेलो न्हाई."

सुमन आता सेलूला सासरी होती. वडिलांच्या पायाचं कळल्यावर धावत आली, दोन दिवस राहिली. तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात एसटीचा भरवसा नसायचा, म्हणून तिला स्टँडवर सोडायला मी निघालो. दारातच सर चाचरत म्हणाले, "सुमे, त्या पट्ट्या काढायचे तवा मी आत यायला पाहिजे होतं."

ती पिशवीचे बंद बांधत राहिली. "मला काईच आठवत न्हाई, अण्णा. लय लहान होते मी."

स्टँडवर गाडीची वाट बघताना ती एकदम म्हणाली, "सगळं आठवतं, दादा. खिडकीतून अण्णा दिसायचे. चहाचा कप हातात तसाच, अन् रडायलेत."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"मी बघत होते हे कळलं, तर अजून झुरतील."

मी परतलो तेव्हा सर ओट्यावरच बसले होते.

"जागा मिळाली का तिला?"

"मिळाली. खिडकीजवळ."

त्यांनी मान हलवली. दुखरा पाय हळूच दुसऱ्या पायावर घेतला.

"खोटं बोलली रे पोरगी," ते म्हणाले. "खोटं बोलताना ती माझ्या तोंडाकडं बघत न्हाई. लहानपणापासून."