पंधरा दिवस पाण्यात हात घालायचा नाही

"अहो, फाईलमध्ये कार्ड नाहीये," काकूंनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कुठे पावतीकाकांनी चहाचा कप खाली ठेवला.

फाईल निळी होती. तिला अकरा कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यावर काकांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती. 'सौ.चे निवासी कार्ड' असं लिहिलेल्या कप्प्यात कार्डाच्या बारा स्वच्छ झेरॉक्स निघाल्या. कार्ड नव्हतं. काका त्या बारा प्रतींकडे बघत राहिले आणि त्यांना परवाची दुपार आठवली. बस स्थानकातलं झेरॉक्सचं यंत्र, हातात आलेले गरम कागद आणि यंत्राचं ते झाकण, जे त्यांनी पुन्हा उघडलंच नव्हतं.

आता असं कोणाच्याही हातून होतं. पण काकांना 'कोणीही' म्हणणं अवघड होतं. त्याच बस स्थानकातल्या 'हरवले-सापडले'च्या खिडकीत ते सव्वीस वर्षं बसत होते. छत्री विसरलेल्या माणसाला छत्री पाच मिनिटांत मिळे, पण त्याआधी दहा मिनिटं बोलणी खावी लागत. "वस्तू हरवत नसतात, माणसं विसरतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सापडलेल्या वस्तूवर मालकाचा नंबर असला तरी फोन करायचा नाही, हा नियमही त्यांचाच. गरज असेल तो येईल, रजिस्टरवर अंगठा उमटवेल, पावती घेईल आणि जाईल. म्हणून तर सगळे त्यांना पावतीकाका म्हणत.

काका तडक स्थानकावर गेले. झाकणाखाली काही नव्हतं. आपल्या खिडकीतलं रजिस्टर त्यांनी सहज आल्यासारखं चाळलं, तिथेही नोंद नव्हती. तोंडाने मात्र त्यांनी कोणालाच विचारलं नाही. सव्वीस वर्षांची इभ्रत होती, ती अशी एका कार्डापायी घालवायची?

काकू रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या नुसत्या पलंगावर बसल्या. "तेवीस तारखेचं विमान आहे, कार्डाशिवाय सोडणार नाहीत," त्या म्हणाल्या. "परक्या देशात पोर एकटी, पहिलटकरीण. मी येते म्हणून शब्द दिलाय तिला."

निवासी कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं, नवीन कार्डाला दोन महिने लागतील. काकूंचा चेहरा पाहून त्यांनी दुसरा कागद पुढे केला. "तातडीचं असेल तर तात्पुरतं प्रवासपत्र मिळतं. लगेच मिळतं. फक्त दहा बोटं इथे ठेवा."

काकूंनी बोटं ठेवली. यंत्राचा दिवा लाल झाला. पुसून ठेवली, फुंकर मारून ठेवली, तरी लाल.

"तुम्हाला ठसेच नाहीत हो," बाई म्हणाल्या. "काम काय करता?"

काकू ड्रायक्लीनच्या दुकानात डाग काढत. एकोणीस वर्षं. शाई असो, गंज असो, रंग असो, दुकानाचा मालक कपडा त्यांच्याच टेबलावर आणून ठेवी. हातमोजे त्या घालत नसत, कारण डाग किती खोल गेलाय ते उघड्या बोटालाच कळतं. लोकांचे डाग जाता जाता काकूंच्या बोटांवरच्या रेषाही गेल्या होत्या. बाकीच्या घरच्या भांड्यांनी पुसल्या.

"पंधरा दिवस पाण्यात हात घालायचा नाही," बाईंनी फर्मावलं. "साबण नाही, डागांचं औषध नाही. रोज मलम लावायचं, सुती हातमोजे घालायचे. वीस तारखेला या. रेषा पुन्हा येतात."

"आमच्या घरी कसं जमायचं ते?" काकू म्हणाल्या.

"जमेल," काका म्हणाले. ते इतक्या जोरात म्हणाले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

काकांनी रजा टाकली. कारण लिहिलं 'लग्नकार्य'. त्यांच्या जागी बदलीवर येणाऱ्या बाईंना त्यांनीच तयार केलं होतं. "मला फोन करायचा नाही," त्यांनी बजावलं. "सगळं नियमाने चालवा."

पहिल्या दिवशी काकू पांढरे मोजे घालून आरामखुर्चीत बसल्या आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारख्या अवघडून गेल्या.

"कांदा असा नाही हो चिरत."

"मग कसा चिरतात?"

"द्या इकडे."

"हात!" काका ओरडले, आणि पुढे आलेला मोजा पुन्हा मांडीवर गेला.

दुसऱ्या दिवशी काकू कोपराने नळ पुसताना सापडल्या. काकांनी घासणी जप्त केली आणि निळ्या फाईलच्या रिकाम्या कप्प्यात लपवली. मात्र सवयीने वर 'घासणी' अशी चिठ्ठीही लावून ठेवली, त्यामुळे काकूंना ती दोन मिनिटांत मिळाली.

तिसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकाचा फोन आला. "पंधरा दिवस टेबल रिकामं कसं ठेवू काकू? दुसरी बाई बघावी लागेल मला."

काकूंनी हातातल्या मोज्यांकडे बघितलं. काकांनी फोन घेतला. "मी येतो त्यांच्या जागी," ते म्हणाले, आणि हे आपण काय बोलून बसलो ते त्यांना फोन ठेवल्यावर कळलं.

तेव्हापासून रोज दुपारी काका डागांच्या टेबलापाशी आणि काकू फोनच्या पडद्यावर. "घासू नका, थोपटा. घासलं की पसरतो." "थोपटतोच आहे." "डोळे फाडून काय बघताय? बोट लावून बघा." एका कोटावरची शाई चौथ्या दिवशी निघाली तेव्हा काकांनी तो कोट फोनपुढे असा धरला, जणू आपणच शिवला आहे. घरी येऊन पुन्हा भांडी होतीच. आठवडाभरात काकांची बोटं झोंबायला लागली, पण सांगणार कोणाला? समोर बसलेल्या बाईने एकोणीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मलमाचा कार्यक्रम असे. हरवलेल्या घड्याळांचे नंबर वाचायचं भिंग काकांनी ऑफिसातून आणलं होतं. त्यातून ते एकेक बोट तपासत.

"दिसतंय का काही?"

"या बोटावर एक वळण आलंय. अगदी बारीक." मग जरा थांबून काका म्हणाले, "तुझ्या हाताला तो औषधाचा वास यायचा ना, मी आपला म्हणायचो, खिडकी उघड."

"म्हणायचात खरं."

"हात काही कधी बघितला नाही मी."

काकूंनी हात काढून घेतला नाही. काकांना भिंगातून नीट दिसेनासं झालं होतं. त्यांनी ते शर्टाला पुसलं, पण दोष भिंगाचा नव्हता. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती आणि बायकोचा हात असा धरून ते पहिल्यांदाच बसले होते.

वीस तारखेला नऊ बोटांना हिरवा दिवा लागला. डावा अंगठा दोनदा लाल आला. काकू डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, काकांनी टेबलाची कड घट्ट धरली, आणि तिसऱ्यांदा हिरवा लागला. प्रवासपत्र हातात पडल्यावर काकांनी ते दोन्ही बाजूंनी तपासलं. मग ते एवढंच म्हणाले, "पावती?"

तेवीसला काकू गेल्या. पोचल्याचा फोन आला. "पाच ठिकाणी बोटं मागितली. पाचही ठिकाणी हिरवा दिवा! मी प्रत्येकाला सांगितलं, ह्यांनी उगवलीयेत म्हणून."

दोन दिवसांनी काका कामावर हजर झाले. बदलीच्या बाई रजिस्टर घेऊन पुढे आल्या. सहा तारखेची नोंद होती, काकांच्या रजेचा पहिला दिवस: 'निवासी कार्ड, स्त्रीचे. झेरॉक्स यंत्रामागील फटीत सफाईवालीला सापडले.'

काकांनी फळीवरून कार्ड उचललं. मागे त्यांच्याच वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती: 'सापडल्यास संपर्क करावा.' खाली घरचा नंबर.

"नंबर होता हो," बाई म्हणाल्या. "हात शिवशिवत होते फोन करायला. पण नियम म्हणजे नियम. कोण बावळट असेल कोण जाणे, इतक्या दिवसांत फिरकलंसुद्धा नाही."

काकांनी घसा साफ केला. "माझ्या बायकोचं आहे. मी विसरलो होतो."

बाईंनी तोंडावर हात ठेवला, मग मुकाट्याने रजिस्टर आणि शाई पुढे केली. काकांनी अंगठा उमटवला. कागदावर एक गोल, निळा, गुळगुळीत ठिपका उठला. त्यांनी पुन्हा उमटवला. पुन्हा ठिपका.

"रेषा नाहीत यात," बाई हळूच म्हणाल्या. "असं नाही चालत. तुम्हीच शिकवलंय."

कार्ड फळीवर परत गेलं. काका खुर्चीत बसले आणि त्यांनी काकूंना फोन लावून सगळं सांगून टाकलं, नंबरासकट.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. नात झालीये तुम्हाला पहाटे, तेच सांगायला फोन करणार होते. माझं बोट घट्ट धरून झोपलीये. म्हटलं, पूर्वीची खरखरीत बोटं असती तर टोचली असती हो तिला." काकूंचा आवाज जरा ओला झाला, मग नेहमीसारखा झाला. "बरं झालं तेव्हा नाही सापडलं कार्ड. आणि मलम राहिलंय ना?"

"अर्धी डबी आहे."

"ठेवा जपून. मी महिन्याने आले की पंधरा दिवस खुर्ची तुमची. पाण्यात हात घालायचा नाही. आणि कांदा कसा चिरायचा ते मला तिथून सांगायचं नाही."