भुतेकर सरांची वाटणी

आमच्या स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसून चहा घेणं महाग पडतं. भुतेकर सर चहाच्या पैशांत पंख्याची वीज धरतात आणि ती बसण्याच्या जागेप्रमाणे वाटतात. मी दाराशी बसतो. मला चहा स्वस्त पडतो, त्यामुळे त्यांच्या संशोधनाबद्दल मला आदर आहे.

सर जालन्यात आमच्या कॉलेजात कॉमर्स शिकवतात. सामायिक खर्च कोणाच्या माथी किती मारायचा, आणि त्यावरून कोणाचं काम फायद्याचं ठरवायचं, यावर नऊ वर्षं खपून त्यांनी प्रबंध लिहिला. तो त्यांच्या मार्गदर्शकांनी वाचला असावा. सरांचं म्हणणं एकच : "उपयोग ज्याला, खर्चा त्याला." एकदा घनसावंगीहून येताना जीपमध्ये अर्धीच जागा मिळाली, म्हणून त्यांनी अर्धं भाडं पुढं केलं. ड्रायव्हर म्हणाला, "बराबर हाय सर. मंग अर्ध्या रस्त्यात उतरा." सरांना मुद्दा पटला. ते अंबडला उतरले.

यंदा संस्थेच्या सचिवांनी त्यांना वाटूर गावाहून येणाऱ्या कॉलेजच्या बसचा हिशेब करायला सांगितला. त्या बसनं सात मुली येतात. तोटा निघाला की बस बंद होणार आणि त्या घरी बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"सर, आकडे थोडे इकडचे तिकडं करा," मी म्हणालो.

"न्हाई जमत."

बैठकीत त्यांनी वाचून दाखवलं : बस तोट्यात आहे. सचिवांनी समाधानानं पेनाचं टोपण काढलं. सरांनी पान उलटलं. "हा तोटा माझ्या पगारातून कापावा," असं सरांनी पुढं लिहिलं होतं.

"तुमचा काय संबंध?" सचिवांनी विचारलं.

"बसचा उपयोग मला होऊन राह्यला, साहेब. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी न्हाई. वर्गात बाकीचे मोबाइल बघत बसतात. या सात जणी ऐकतात."

सचिवांनी टोपण परत लावलं.

बस चालू आहे, तोटा सरांच्या पगारातून जातो. आम्ही काही जण आपापला वाटा घेऊन गेलो, तर सरांनी पैसे घेतले नाहीत. "तुम्ही माझ्या वर्गाला बसता का?" एवढंच विचारलं.

मागच्या मंगळवारी मी जाऊन बसलो, शेवटच्या बाकावर. फारसं काही कळलं नाही. तास संपल्यावर सर माझ्यापाशी आले, वहीत माझं नाव लिहिलं आणि अकरा रुपये मागून घेतले.